पपईचा आळ

दरवर्षी हिवाळ्यात वर्गाला वनस्पतींमधली लिंगगुणसूत्रं शिकवायची वेळ आली की माझा आवाज बिघडतो. मुलांना वाटतं, बाईंना थंडी बाधली. जळगावची थंडी बाधण्याइतकी कुठे असते! मी फळ्यावर चार चौकटी काढते, तीन भरते, चौथीत फुली मारते. ती फुली मारताना दर वेळी पाठीशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. लहान कुणीतरी. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, उलट असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी चारचौघांत फाडून खाते. तरी त्या वेळी मी मागे वळून बघत नाही.

माझं माहेर भडगावजवळ, गिरणेच्या काठी. घरची पपईची शेती. कागदात गुंडाळलेल्या पपया ट्रक भरभरून उत्तरेकडे जायच्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात मात्र पपईची एक फोड कधी यायची नाही. पाहुण्याला द्यायची झाली तर बाहेर ओट्यावर कापायची, सुरी तिथेच धुवायची. आई तर पिकल्या पपईचा वास आला की पदर नाकाला लावायची. बाहेरगावचे लोक थट्टा करायचे, पपईवाल्याच्या घरात पपईचं वावडं! गावातलं कुणी थट्टा करत नसे. गावाला कारण माहीत होतं.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची होते. माझ्यानंतर बरीच वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, गावातच दिलेली. घर तिचं वेगळं, पण आमच्या घरातला शेवटचा शब्द तिचा. तिने वडिलांसाठी पारोळ्याकडची एक मुलगी बघून ठेवली होती. हे माझ्यासमोरच बोललं जायचं. लहान पोरांना कान नसतात असं मोठ्यांना वाटतं. मग आईला दिवस राहिले आणि पारोळ्याचं नाव मागे पडलं. सहावा महिना लागला. पावसाळी दुपार होती. आई न्हाणीघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग आत्या पळत आली. मला दाराबाहेर काढलं. थोड्या वेळाने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आत्या मागल्या दाराने निघाली. वडील मान खाली घालून तिच्या मागे. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लहान होते, पण विचारायचं नसतं एवढं कळत होतं.

परत आल्यावर घर झाडताना आत्याला आईच्या बाजेखाली पपईच्या साली सापडल्या. त्या हातात घेऊन ती अंगणात आली आणि जमलेल्या बायांपुढे धरल्या. "पोटवाळी बाई नि पपई खादी! मंग काय व्हई?" झालं. निकाल लागला. आई आत भिंतीला पाठ टेकून बसली होती. डोळे कोरडे ठक्क, तोंडाला कुलूप. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. वडील एवढंच म्हणाले, "चूक झाली तिची. पुढच्या खेपेला जपेल." खरंच पुढच्या खेपेला आईने पपईकडे डोळा वर करून पाहिलं नाही आणि माझा भाऊ झाला. सगळ्या गावाला पुरावा मिळाला. आमच्याकडे कुणी सून पोटुशी राहिली की आजही आईचं उदाहरण देतात. तोंडावर देतात, हे विशेष.

एरवी आई हसायची, भांडायची, बाजार करायची. पण पपईच्या मळ्यात ती वेगळी बाई व्हायची. तेव्हा नर-मादी वेगळे असणारा जुना वाण होता. रोप लहान असताना नर कोणतं, मादी कोणती, ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची. तिघांना सारखं पाणी, सारखं खत. फुलं आली की उलगडा होतो. लांब दांडीला लोंबणारे तुरे आले की तो नर. त्याला फळ नाही. परागापुरते मळ्यात इथे तिथे थोडे नर ठेवायचे आणि बाकीचे उपटायचे. हे काम बाळ गेल्यानंतर आईने स्वतःकडे घेतलं. मजुरांना हात लावू द्यायची नाही. उपटलेली झाडं सगळे बांधावर फेकतात. आई ती पाटाच्या कडेला चिखलात पुन्हा उभी खोचायची. हिरवीगार, फुलांसकट. एक-दोन दिवस ती तशीच उभी राहायची, जणू काही झालंच नाही. मग मान टाकायची.

कातरवेळी शेळी सोडवून आणायला मी त्या पाटाच्या कडेने यायची. ती ओळ मला बघून काहीतरी बोलेल असं वाटून मी शेळीला ओढत पळायची. एकदा धीर करून विचारलं, "आई, ही मेली का?"

"अजून नाही," आई म्हणाली, आणि हात धुवायला पाटात वाकली.

मी पळत घरी गेले. तो "अजून" माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही.

पुढे जळगावला शिकायला आले आणि वनस्पतिशास्त्र घेतलं. लोकांना वाटतं शेतकऱ्याची मुलगी म्हणून घेतलं. कसलं काय! मला त्या ओळीचा छडा लावायचा होता.

मुळात बहुतेक फुलझाडांना नर-मादीची भानगडच नसते. कापूस घ्या, तूर घ्या, वांगं घ्या, एकाच फुलात दोन्ही संसार. थोड्याच झाडांनी कधीतरी वेगळ्या चुली मांडल्या, आणि तेही एकदाच नव्हे. निरनिराळ्या कुळांत, निरनिराळ्या काळी, आपापल्या वाटेने. त्याची सुरुवात फार साधी असते. गुणसूत्रांची एक जोडी, दोन्ही सारखी. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण करणारी. एकाचं काही बिघडलं तर दुसऱ्याच्या आधाराने पुढची पिढी सुधारून घेते. मग त्यातल्या एकावर नर ठरवणारा भाग तयार होतो. त्या भागाची मांडणी उलटीपालटी होते आणि तेवढ्यापुरती देवाणघेवाण बंद पडते. ते वाय. आणि ज्याचं येणंजाणं बंद झालं त्याचं जे होतं तेच वायचं होतं. जे मोडतं ते मोडलेलंच राहतं. हळूहळू एकेक गोष्ट हरवत जाते. माणसाचा वाय फार जुना. पपईचा मात्र अगदी कोवळा, उत्क्रांतीच्या मापाने कालपरवाचा. म्हणून तर अभ्यासकांचा पपईवर डोळा असतो. ही सगळी मोडतोड सुरू होताना कशी दिसते, ते पपईत बघायला मिळतं.

पण एवढ्या कोवळ्या वायनेही जगायला लागणारं काहीतरी गमावलेलं आहे. सोबत एक एक्स असेल तर निभावून जातं. दोन वाय एकत्र आले तर ते बी पोटातच संपतं. हल्लीच्या तैवान वाणात वेगळा नर लागत नाही, झाड आपल्याच फुलावर फळ धरतं. त्या झाडाकडेही वायचाच एक प्रकार असतो, माणसाने निवडून निवडून पोसलेला. त्यामुळे अशा फळात चौथा हिस्सा बियांच्या वाट्याला दोन वाय येतात. फळ मोठं होतं, पिकतं, गोड लागतं. आत त्या बिया मात्र कधी बी होतच नाहीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचनालयात बसले होते. झाडाने काही केलेलं नव्हतं. पाणी वेळेवर, ऊन वेळेवर. तरी गेलं.

मला वाटलं, सापडलं! आईला हेच सांगायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा तिला एकटीला गाठून सांगितलं. म्हटलं, "आई, पुष्कळदा दोष बीजातच असतो. आईने काही केलेलंच नसतं. तू उगाच स्वतःला खातेस." मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. ती उठली, दारातून बाहेर बघून आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हे अक्कासमोर कधी बोलू नको. शपथ आहे तुला." अक्का म्हणजे माझी आत्या. मला राग आला. इतकी वर्षं झाली, नातवंडं यायची वेळ झाली, तरी नणंदेचा धाक! मी पाय आपटत जळगावला परतले.

आणि मग हा मागचा हिवाळा.

माझी भावजय धुळ्याची. शिकलेली, हसरी, बोलायला फटाकडी. व्यापाऱ्यांशी, ट्रकवाल्यांशी फोनवर तीच बोलते. भाऊ नुसता मान हलवतो. तिला दिवस राहिले होते. मळ्यात ट्रक भरायला आला तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने नमुन्याला एक फळ कापलं आणि फोडी सगळ्यांना वाटल्या. हिनेही एक उचलली. पिकलेली, केशरी. मजूर बायांनी पाहिलं. काही दिवसांनी तिचं गेलं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, पहिल्या महिन्यांत जातं तेव्हा बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, पिकल्या फोडीचा काही संबंध नाही. डॉक्टरीणबाई जळगावात राहिल्या. फोडीची बातमी त्यांच्या आधीच गावात पोचली होती.

भावाचा फोन आला, "ताई, ये. ती बोलतच नाही."

मी दारातून आत पाऊल टाकलं आणि थिजले. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. तीच भिंत, तसेच कोरडे डोळे. क्षणभर मला वाटलं, मी सहा वर्षांची आहे आणि समोर आई बसली आहे. खरं सांगते, भीती वाटली. कारण पुढचं सगळं मला माहीत होतं. आता ही उठेल, कामाला लागेल, हसेलसुद्धा. आणि जन्मभर आतून अशीच बसून राहील. एक बाई अशी बसलेली बघत मी मोठी झाले होते. दुसरी बघायची माझी तयारी नव्हती.

दुपारी आत्या आली. आता काठी टेकते, दात गेले, पण जीभ शाबूत. येताना डिंकाचे लाडू करून आणले होते. भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला, लाडू तिच्या हातात दिला, अगदी मायेने, आणि त्याच मायेने म्हणाली, "खाय. व्हयनं ते व्हयनं. पपई खावाले नको व्हती तू. आते पुढला टायमाले याद ठेव. तुनी सासूले इचार." आई सुपात मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

माझं डोकं फिरलं. मी बाहेर गेले, ओट्यावरच्या ढिगातली एक लांबट पपई उचलली, स्वयंपाकघरात आणली आणि सगळ्यांच्या मध्ये बसून कापली.

"माय वं! घरमा?" आत्या ओरडली.

"हो, घरात." मी दोन्ही भकलं त्यांच्यापुढे ठेवली आणि बिया बोटाने वेगळ्या केल्या. काळ्या, टपोऱ्या बियांमध्ये मधून मधून पांढुरक्या, चिपट्या, दाबली तर आत काहीच नाही अशा. सगळ्या दोन वायच्याच असतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्या दिवशी सांगितलं. चार चौकटी बोटाने जमिनीवर काढून दाखवल्या. एकीकडून वाय आला, दुसरीकडूनही वायच आला, बी संपलं. कुणाची चूक नाही. "आता सांगा आत्या, या झाडानं काय खाल्लं होतं?"

आत्या बोळक्या तोंडाने हसली. "तू झाडस्नी डॉक्टरीन शे, खरं शे. पन झाडनं येगळं ऱ्हास, बाईनं येगळं ऱ्हास."

पपईच्या बीवरून बाईचा न्याय होत नाही, हे मलाही कळत होतं. मी बोटं पुसत बसले. तेवढ्यात भावजय बोलली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला, आणि काय ऐकला.

"म्हणजे ताई, माझ्याच बीत दोष आहे?"

चूक तर मी तिच्याकडून काढून घेतली, पण त्या जागी काय ठेवलं? चूक असती तर पुढच्या वेळी टाळता आली असती. बी कसं टाळणार? मी घाईघाईने म्हणाले, "तसं नाही गं, दोघांपैकी कुणाचंही असतं, योगायोग असतो, पुढच्या वेळी पुन्हा जाईलच असं नाही." पण शब्द सुटला होता. ती पुन्हा भिंतीला टेकली. वर्षानुवर्षं जे ज्ञान मी आईसाठी सांभाळून ठेवलं, ते बाईच्या हातात दिल्यावर असं दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग भावजय आईकडे वळली आणि सहज, पाणी मागावं तसं तिने विचारलं, "आई, तुम्ही खरंच खाल्ली होती का?"

आईचा हात मेथीच्या जुडीत थांबला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नव्हता. गावाने नाही, वडिलांनी नाही, एवढी शिकलेली मी, मीही नाही. तिने आधी आत्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नही."

"काय नही?" आत्याने विचारलं.

"पपई. खादीच नव्हती मी, अक्का."

"मंग त्या साली?"

"शेळीच्या. सकाळी पाऊस होता म्हणून शेळी घरात बांधली होती, बाजेपाशी. तिच्यापुढे टाकल्या होत्या."

आत्याची काठी हातातून सुटून खाली पडली. कुणी उचलली नाही. "मंग तव्हय बोलनी काब नही तू?" तिचा आवाज आता निकालाचा राहिला नव्हता.

आईने मेथीचं सूप बाजूला सारलं. "बोलले असते तर तुम्ही विचारलं असतं, मग कशानं गेलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पारोळ्याची पोरगी तुम्ही बघूनच ठेवली होती. पपई खाल्ली म्हणजे बाई येडी. नाही खाल्ली आणि तरी गेलं, म्हणजे बाईच खराब. येडी बाई घरात ठेवतात, अक्का. खराब ठेवत नाहीत."

चुलीवरचं दूध उतू गेलं. शेवटी मीच उठून भांडं उतरवलं, हात भाजून घेतला. आखाजीला मी तिच्या कानाशी लागून काय सांगत होते, आणि तिने दारातून बाहेर का पाहिलं होतं, ते मला आत्ता उमगत होतं. दोष बीजात आहे, हे एकच वाक्य तिला घराबाहेर काढू शकलं असतं. त्या वाक्यापासून वाचायला तिने पपईचा आळ जन्मभर अंगावर पांघरला होता. मला माझाच, त्या आळाचा, त्या सगळ्या वर्षांचा इतका संताप आला की रडूही येईना.

आई सरकून भावजयीजवळ गेली. तिच्याशी ती नेहमी जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करते. "बाळा, माझं न खाता गेलं. तुझं खाऊन गेलं. दोघींचंही गेलं. का गेलं, ते मला अजून माहीत नाही. तू रड आता. मला रडता आलं नाही. जिनं आपल्या हातानं घालवलं, तिनं रडायचं नसतं ना. लोक म्हणाले असते, खाताना नाही आठवलं?"

भावजयीचा चेहरा आधी वाकडा झाला, मग ती आईच्या मांडीवर कोसळली. इतकी रडली की बाहेरून भाऊ धावत आला आणि दारातच उभा राहिला. आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. स्वतः मात्र कोरडीच. मग तसाच हात फिरवत, आत्याकडे न बघता, तिने विचारलं, "अक्का, तुम्ही पाहिलं होतं. काय होतं?"

आत्याने पदराने तोंड पुसलं.

"पोर व्हती," ती म्हणाली. "डोकावर केस व्हतात तिले. कायाभोर."

"केस होते?" आईने विचारलं, आणि मग ती रडली.